सगुणाबायच्या घरातलं एक मिनिट

खारदांड्याच्या बाजारात ओरडल्याशिवाय मासळी विकली जात नाही असं ज्याला वाटतं, त्यानं सगुणाबायचा पाट बघावा. तिच्या डावीकडची बाई 'ये गो ताय, बघून तरी जा गो, डोला बघ कसा चमकतंय' असा सूर सकाळपासून धरून असते. उजवीकडची गिऱ्हाइकाच्या सुनेपासून शेजारणीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याची चौकशी करते. मधे सगुणाबाय. ओठ मिटून, कोयता मांडीशी धरून, शाळेच्या फोटोत बसल्यासारखी. भाव विचारला तर सांगते. घासाघीस केली तर पूर्ण ऐकून घेते आणि तोच भाव, त्याच आवाजात, पुन्हा सांगते. गिऱ्हाईक निघून जायचं सोंग करतं, सगुणाबाय त्याला जाऊ देते, आणि मग ते मुकाट परत येतं.

अशा बाईनं बोलून बोलून एका पॉडकास्ट कंपनीचा एपिसोड अडवून धरला, हे अंधेरीत सांगितलं तर खोटं वाटतं. दांड्यात कुणाला वाटत नाही. दांड्याला प्रश्न पडला तो वेगळाच, की त्या पोरीनं तिच्या घरात शिरून नेमकी तीच गोष्ट मागितली कशी.

ती पोरगी म्हणजे गार्गी. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, आणि जिन्यातल्या पावलांवरून कोण वर येतंय ते लहानपणापासून ओळखणारी. केबलवाला, शेजारचे आजोबा, चिडलेले बाबा, न चिडलेले बाबा, प्रत्येकाचं पाऊल वेगळं. कानाच्या या एका कमाईवर तिनं अंधेरीच्या 'चौथा कान' नावाच्या कंपनीत नोकरी मिळवली होती. तिसरा कान कुणाचा, असं कुणी विचारलं की कंपनीचा मालक केयूर नुसता गूढ हसायचा, म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं.

इंडस्ट्रियल इस्टेटीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना, आणि वर साहसाच्या खऱ्या गोष्टी. कड्यावरून घसरलेला, पुरात झाडाला धरून राहिलेला, आरे कॉलनीच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडलेली असताना बिबट्याच्या शेजारी उभा राहिलेला, अशी माणसं शोधून आणायची, त्यांना बोलतं करायचं आणि 'सुटलो बुवा' या नावाखाली लोकांच्या कानात सोडायची. केयूर स्वतः एकदा गडावर पाय मुरगळून रात्रभर बसला होता. त्या मुरगळलेल्या पायाभोवतीच पुढे कंपनी उभी राहिली. त्याचं बोलणं गार्गीला पाठ होतं, कारण प्रत्येक वाक्य एकाच खुंटीला टांगलेलं असायचं: 'बेसिकली माणूस मरता मरता वाचलेला पाहिजे, राइट? आणि वाचल्यावर त्याला नीट बोलता आलं पाहिजे, राइट? हे दोन्ही एका माणसात मिळत नाही, हाच आपल्या धंद्याचा प्रॉब्लेम आहे.'

गार्गीचं काम फोनवरचं होतं. अशी माणसं हुडकायची, त्यांना पटवायचं, तारीख ठरवायची. पण तिला बाहेर जायचं होतं. लोकांच्या घरात, त्यांच्या समोर बसून, स्वतः माइक धरून. महिनाभर मागे लागल्यावर केयूरनं तिला बोरिवलीला पाठवलं, एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे, जे नॅशनल पार्कात वाट चुकून झाडावर राहिले होते. गोष्ट झकास आली. पण गार्गी खोलीचा आवाज घ्यायला विसरली.

खोलीचा आवाज म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. मुलाखत संपली की त्याच खोलीत, त्याच जागी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा. ऐकायला काहीच येत नाही, पण ते 'काहीच नाही' प्रत्येक खोलीचं निराळं असतं. नंतर संकलन करताना माणसाचं खोकणं, अडखळणं, 'ते आपलं हे' वगैरे कापलं की तिथे भोक पडतं. ते भोक त्याच खोलीच्या शांततेनं बुजवायचं. फाटलेल्या सदऱ्याला त्याच कापडाचं ठिगळ, तसं. कंपनीत हे शिवणकाम मिहिर करायचा. तो दिवसभर हेडफोनमध्ये राहून इतका हळू बोलायला लागला होता, की त्यानं शिव्या दिल्या तरी समोरच्याला निरोप सांगितल्यासारखं वाटायचं. पोस्टमास्तरांच्या एपिसोडवर तो हळूच म्हणाला, 'गार्गी, या माणसाला उचक्या लागल्यासारखं ऐकू येतंय.'

केयूरनं मग निकाल सांगून टाकला. अजून एक संधी. खारदांडा, रामनाथकाका, समुद्रात गेले आणि परत आले, सीझनची पहिली गोष्ट. खोलीचा आवाज आणलास तर यापुढे बाहेरची कामं तुझी. नाही आणलास तर फोन आहेच, राइट?

तर अशी गार्गी दांड्यातल्या त्या घरी पोचली. पुढे ओटा, आत एक खोली, तिच्या डोक्यावर शिडीची दुसरी खोली, आणि दारासमोर वलांडीवर, म्हणजे काठ्यांच्या मांडवावर, वाळत घातलेले बोंबील, वाऱ्यावर एकसाथ माना हलवणारे. रामनाथ इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर लाल टोपी घालून आधीच खुर्चीवर बसला होता. त्याची मुलगी कल्पिता, जी जवळच्याच शाळेच्या ऑफिसात होती, मुद्दाम सुट्टी काढून आली होती. त्याची बायको सगुणाबाय आत कांदे चिरत होती. तिनं गार्गीकडे बघून मान हलवली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत आत गेली.

गार्गीनं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, आणि जाताना फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून धंद्याच्या रीतीप्रमाणे आपली घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. सुरमईच्या तुकड्यांशेजारी. कल्पितानं ते पाहिलं. शिकलेल्या मुलींचं काही सांगता येत नाही, असा तिचा चेहरा होता.

रामनाथची गोष्ट दांड्यातल्या लहान पोरांनाही पाठ होती आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यामुळे तो कीर्तनकारासारखा सांगायचा, कुठे थांबायचं, कुठे टोपी मागे सारायची हे सगळं ठरलेलं. कल्पिता कडेवर होती त्या वर्षी तो एकटाच छोटी होडी घेऊन समुद्रात रोवलेले जाळ्याचे खुंट बघायला गेला. वारा फिरला. वल्हं मोडलं. किनारा आधी बोटाएवढा झाला, मग नखाएवढा, मग नाहीच. तहान, ऊन, होडीत आलेलं पाणी टोपीनं उपसणं, हे सगळं त्यानं रंगवून सांगितलं. शेवटी एका मालवाहू जहाजानं दोर टाकला. तो वर चढला आणि होडी तशीच वाहत गेली. रामनाथनं जहाजावरच्या साहेबाला हात जोडून सांगितलं, की साहेब, माना दांड्याला सोडा. साहेब हसला. जहाज काय रिक्षा आहे दांड्याच्या नाक्यावर थांबवायला? ते निघालं होतं आखाताकडे आणि ते आखातालाच गेलं. रामनाथनं तिकडे जाईस्तोवर जहाजाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. जहाजानं म्हणे बिनतारी निरोप पाठवला होता, पण तो कुठे विरला ते कुणालाच कळलं नाही. इकडे दांड्याच्या माणसांना सापडली ती फक्त रिकामी होडी.

गोष्ट झकास होती, फक्त रामनाथला खोकला होता. जुना, खोल, विडीचा. दर चार वाक्यांनी तो यायचा आणि नेमका वल्हं मोडण्याच्या वेळी, दोर येण्याच्या वेळी. गार्गी मनातल्या मनात मिहिरची कात्री चालताना ऐकत होती. इतकी भोकं बुजवायची तर या खोलीची शांतता चांगली भरपूर लागणार.

म्हणून गोष्ट संपल्यावर ती अदबीनं म्हणाली, 'काका, आता फक्त एक मिनिट. कुणी काही बोलायचं नाही, हलायचं नाही. एकदम शांत.'

आणि कल्पिता उठून उभी राहिली. रामनाथही उठला. टोपी काढून त्यानं छातीशी धरली आणि मान खाली घातली. दारातून डोकावणारी शेजारीणही पदर सावरून ताठ झाली. गार्गीला हसू आवरेना. मुलुंडच्या सोसायटीच्या सभेतही सेक्रेटरी 'एक मिनिट' म्हणाले की खुर्च्या अशाच करकरायच्या. आयुष्यभर गेलेल्या माणसासाठीच सगळ्यांना गप्प केलेलं, तर दुसरं करणार काय! पण इथे तर माणूस स्वतःच्याच गोष्टीला श्रद्धांजली वाहायला उभा होता. तिनं हातानं 'बसा, बसा' अशी खूण केली. तोवर आतून आवाज आला.

'आज बोंबील पातल आलाय. सुकवाया चालनार नाय.'

सगुणाबाय. गार्गीनं हसून पुन्हा समजावलं, पुन्हा रेकॉर्डर लावला. खोली शांत झाली. श्वास दोन श्वास गेले असतील. 'त्या पलीकडच्या गल्लीत नल आला का गो कल्पिता? कालपासून नुसता वारा येतंय त्यातनं.' तिसऱ्यांदा तर गार्गी स्वतः आत जाऊन हात जोडून आली. सगुणाबायनं ऐकून घेतलं, मान हलवली. आणि शांतता पडली तशी कांद्याची साल बाजूला सारत, कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात ती मांजरीबद्दल बोलू लागली. काळी मांजर वलांडीखाली व्यायली, पिल्लं कुणाच्या वळणावर गेली, त्यातलं एक आंधळं निघालं की काय. बोलतच राहिली. गार्गीनं रेकॉर्डर बंद केला तेव्हाच थांबली.

परतीच्या वाटेवर गार्गीनं ते सगळं पुन्हा ऐकलं आणि तिचा कान एका जागी अडकला. रामनाथ बोलत होता तेवढ्या पूर्ण वेळात सगुणाबायचा एक शब्द नव्हता. तो एके ठिकाणी चुकला होता, कल्पितानं त्याला दुरुस्त केलं, तरी आतून हूं की चूं नाही. म्हणजे बाई बडबडी नव्हती. लोक बोलत असले की ती गप्प, आणि लोक गप्प झाले की ती बोलायची. असं माणूस गार्गीनं आजवर ऐकलं नव्हतं. त्या शांततेत असं होतं तरी काय, की ही बाई तिला घरात टिकूच देत नाही?

अंधेरीत हा प्रश्न कुणाला पडला नाही. मिहिरनं दुसऱ्या खोल्यांच्या शांतता लावून बघितल्या. त्याच्याकडे त्यांचा साठाच होता, घाटकोपरच्या डॉक्टरांची, एका वकिलाच्या केबिनची. पण डॉक्टरांच्या शांततेत एसी होता. रामनाथ भर समुद्रात तहानेनं व्याकूळ आणि मधेच कुणीतरी दवाखान्याचं दार उघडल्यासारखं व्हायचं. कापायचं नाही म्हटलं तर खोकला. केयूरनं दोन्ही ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाला, की बेसिकली आजी घरात नसतानाची वेळ बघायची, राइट? बाजारात बसतात ना त्या? तेव्हा जा, काकांना गप्प बसव, एक मिनिट घे, ये. हे आलं नाही तर एपिसोड बाजूला ठेवावा लागेल. आणि फोनचं तुला माहीतच आहे.

गार्गीला ते पटलं नाही, पण फोनही नको होता. ती गेली.

रामनाथ ओट्यावर जाळ्याची गाठ मारत बसला होता. मावशी नाहीत ते बरंच झालं असं दाखवत गार्गीनं काम सांगितलं. तो आत आला आणि खुर्चीवर बसला. तिनं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, किल्ली सुरमईजवळ ठेवली. रेकॉर्डर चालू केला. खोली हळूहळू बसली, पाण्यातला गाळ बसतो तशी. बाहेर लांब कुठेतरी समुद्र होता. गार्गीच्या कानाला ती शांतता इतकी सुरेख वाटली, की तिनं डोळे मिटले.

रामनाथ खोकला. मुद्दाम. गार्गीनं डोळे उघडले, तर तो तिच्याचकडे बघत होता.

'नाय जमनार, पोरी,' तो म्हणाला. 'तू जी शांतता मागतंस ना, ती या घराकडनं एकदा मागून झाली हाय. माझ्याच नावानं.'

'म्हणजे?'

'त्या टायमाला मी नव्हतो इथं. बटाटे सोलत व्हतो.' तो उठला आणि त्यानं स्वतःच पंखा चालू केला. 'जे मी बघितलं नाय ते मी कसं सांगू? माझी गोष्ट सगला दांडा सांगतंय. तिची तिला इचार. इचारलीस तर सांगंल. आजवर कोन इचाराया आलंच नाय.'

गार्गी बाजारात पोचली तेव्हा गर्दी ओसरली होती. सगुणाबाय पाट धूत होती. गार्गीनं आल्या आल्या खरं काय ते सांगून टाकलं, की मी तुमच्या घरी गेले होते, तुम्ही नसताना, ते मिनिट चोरायला. सगुणाबायनं तिच्याकडे बघितलं.

'गावलं?'

'काका खोकले.'

सगुणाबायच्या मिटल्या ओठांच्या एका टोकाला काहीतरी हललं. तिनं पायानंच एक रिकामी टोपली पुढे सरकवली. बस म्हणून. गार्गी बसली, रेकॉर्डर दाखवला, चालेल का विचारलं. सगुणाबाय म्हणाली, की चालू दे, त्याला काय खायाला घालायचंय? आणि मग कोयत्याची धार तपासत, मासळीचा भाव सांगायच्या त्याच सपाट आवाजात ती सांगू लागली.

होडी रिकामी आली तेव्हा सगळ्यांनी बघितली. आत रामनाथची टोपीसुद्धा नव्हती. दांड्याच्या होड्या शोधून शोधून दमल्या आणि परत आल्या. मग जमातीची सभा बसली. तेव्हा पुढारी होता भीमराज. आवाज असा की ओट्यावर बोलला तर बंदरावर ऐकू जाई. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे सगुणाबायनं दोनदा सांगितलं. रीत होती ती तो करत होता. त्यानं घसा साफ केला आणि आपला दर्यावर गेलेला भाऊ रामनाथ याच्यासाठी सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं असं सांगितलं. सगुणाबायनं हे सांगताना भीमराजचा आवाज काढला, नाकातून, पोट पुढे काढून, आणि गार्गी चकित होऊन बघत राहिली. ही बाई इतकी वर्षं गप्प बसून सगळ्यांचे आवाज साठवत होती तर.

सगळा दांडा उभा राहिला. सगुणाबाय पोरीला कडेवर घेऊन कोपऱ्यात होती. गपचिप झालं. आणि तिला दिसलं, की हे जर पुरं झालं, तर रामनाथ गेला. होडी रिकामी आली म्हणून नव्हे, वारा फिरला म्हणून नव्हे. ही माणसं आता गप बसून त्याला पोचवणार, आणि मान वर करतील तेव्हा तो नसेल.

'मंग मी बोलले,' सगुणाबाय म्हणाली.

काय बोललात, असं गार्गीनं विचारलं.

'बोंबलाचा भाव.'

जे तोंडाला आलं ते. बोंबलाचा भाव, शेजारच्या कोंबडीनं अंडं कुठं घातलं, पोरीला दात येतायत. बायकांनी तिला गप्प करायला धरलं. भीमराजनं सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून उभं केलं. ती पुन्हा बोलली. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तिची सासूसुद्धा रडत म्हणाली, की बाय, दोन मिनटं तर गप बस. तिसऱ्यांदा ती बोलू लागली तेव्हा भीमराजनं हात खाली सोडले. 'हिला वेड लागलं हाय, सभा उद्या घेऊ,' म्हणाला. उद्याही तेच झालं. मग नाद सोडला. दिवसकार्य लांबत गेलं, लोक तिच्यावरून कुजबुजत राहिले, आणि एक दिवस भरदुपारी रामनाथ कुणाचीतरी ढगळ विजार घालून गल्लीतून चालत आला. सगुणाबाय म्हावरं साफ करत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा विचारलं ते हे, की विजार कोनाची?

तेव्हापासून दांड्यात एक रीत पडली आहे. कुणी ठरवून पाडलेली नाही. होडी उशीर करायला लागली आणि घर गप्प व्हायला लागलं, की कुणीतरी सगुणाबायला बोलावतं. आता मोबाइल आहेत, बहुतेक वेळा फोन लागतो. लागला नाही तर ती जाते, त्या घरात बसते आणि बोलते. बाजारात ती एवढी गप्प का, याचा गार्गीला आता थोडा अंदाज आला.

'मावशी,' तिनं विचारलं, 'सगळ्या होड्या येतात?'

'नाय.' सगुणाबायनं पाटावर पाण्याची तांबडी धार सोडली. 'सगल्या नाय येत. नाय आली, तर गप बसायला सांगनारं दुसरं कोनतरी असतंयच. ते काम माझं नाय.'

बराच वेळ दोघी बसल्या. शेजारची बाई कुणा गिऱ्हाइकाला डोळ्याची चमक दाखवत होती, त्यामुळे सगुणाबायला बोलावं लागलं नाही. मग तिनंच विचारलं, की पोरी, तुला ती शांतता लागते तरी कशाला? इतक्या लांबून दोनदा आलीस. गार्गीनं मिहिरचं शिवणकाम समजावलं. काका खोकतात, तो खोकला कापायचा, कापलं की भोक पडतं, ते भोक बुजवायचं.

सगुणाबायनं ते नीट ऐकून घेतलं, घासाघीस ऐकावी तसं.

'खोकतो तर खोकू दे की,' ती म्हणाली. 'खोकतो म्हंजे हाय.'

गार्गी अंधेरीला पोचेपर्यंत हे वाक्य तिच्या कानात फिरत राहिलं, आणि गाळ्याचा जिना चढताना तिला दुसरंही काहीतरी ऐकू आलं. त्या घरातली एकच गोष्ट तिच्याकडे भरपूर होती, आणि ती शांतता नव्हती. तिनं मिहिरच्या शेजारी खुर्ची ओढली. सगळा खोकला ठेवता येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. काही ठेवला. जिथे कापला, तिथे भोक बुजवलं ते सगुणाबायच्या आवाजानं, त्या नासलेल्या तीन मिनिटांतून काढून. रामनाथचं वल्हं मोडतं, किनारा नखाएवढा होतो, आणि कुठूनतरी, दुरून, भिंतीपलीकडून एक बाई म्हणते, आज बोंबील पातल आलाय. रामनाथ टोपीनं पाणी उपसतो. नल आला का गो कल्पिता? सूर्य डोक्यावर येतो, तहानेनं जीभ सुजते, आणि काळी मांजर वलांडीखाली व्यालेली असते. शेवटी बाजारातली सगुणाबाय येते आणि ही बाई कोण, हे ऐकणाऱ्याला कळतं.

मिहिरनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. 'हे ठिगळ नाही,' तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज साधा, सगळ्या माणसांसारखा आला.

केयूर मात्र पहिल्या बोंबलालाच दचकला. हे काय आहे, चूक राहिली का? गार्गी म्हणाली, शेवटपर्यंत ऐका. त्यानं ऐकलं. मग गडावर मुरगळलेला पाय खुर्चीवर घेऊन त्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर तो एवढंच म्हणाला, की यापुढे बाहेरची कामं तुझी, पण बाकीच्या घरांतून खोलीचा आवाज आणायचा. सगळ्यांच्या घरात सगुणाबाय नसते. या वेळी तो 'राइट?' म्हणायला विसरला.

गार्गीनं परवानगी विचारायला सगुणाबायला फोन केला. घाल, ती म्हणाली, पण बाजारात सांगितलेला तो बोंबलाचा भाव फार जुना आहे, तो ऐकून कुणी मागायला आलं तर मिळणार नाही, हेही त्यात सांग.

एपिसोड निघाला त्या दिवशी कल्पितानं गार्गीला बोलावून घेतलं. खोलीत माणसं मावेनात, तेव्हा ओट्यावर बसली. भीमराज आता काठी टेकत चालतो, तोही येऊन बसला, आणि आपला आवाज नाकातून आलेला ऐकून आधी चिडला, मग इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. कल्पिताचा फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवला होता, आवाज मोठा व्हावा म्हणून. रामनाथ उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर ओठ हलवत स्वतःच्या गोष्टीबरोबर चालला होता. स्वतःच्या बायकोच्या गोष्टीपाशी आला तसा थांबला. ती त्यानं अशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कधी ऐकली नव्हती.

शेवटी मिहिरनं थोडी जागा सोडली होती. संगीत नाही, नावं नाहीत. सगुणाबाय विचारते, विजार कोनाची? आणि मग काहीच नाही.

ओट्यावरही काहीच नाही. एवढी माणसं आणि सगळी गप्प. कुणी उठून उभं राहिलं नाही. गार्गीचा कान टवकारला आणि हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या, उंबऱ्यात बसलेल्या सगुणाबायकडे. तिनं ओठ मिटलेलेच होते. एक श्वास गेला. दुसरा गेला. वलांडीवरचे बोंबील तेवढे खडखडले.

मग सगुणाबायनं रामनाथच्या पोटरीला कोपरानं ढोसलं.

'खोका की वो,' ती म्हणाली.